जे नाही, त्याचीच चर्चा

ब्रिटिश संगीतकार व्हिन्स क्लार्क यांचा पहिला एकल अल्बम 17 नोव्हेंबर 2023 रोजी म्यूट या कंपनीने काढला. नाव 'साँग्ज ऑफ सायलेन्स'. डेपेश मोड या गटाच्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी याच माणसाची. त्यानंतर गायिका ॲलिसन मोये यांच्याबरोबर याझू आणि 1985 पासून गायक अँडी बेल यांच्याबरोबर इरेझर हे गट. पहिल्याच ऐकण्यात ओठांवर बसणारी सुटसुटीत इलेक्ट्रॉनिक चाल ज्या मोजक्या लोकांनी घडवली, त्यांत त्यांचं नाव फार वर घ्यावं लागतं. अशा माणसाने चाळीसहून अधिक वर्षांनी एकट्याच्या नावावर अल्बम काढला, आणि त्यात गुणगुणता येईल असं गाणं नाही. नाचता येईल असा ठेका जवळजवळ नाही. दहा रचना आहेत आणि प्रत्येक रचना एका धरून ठेवलेल्या सुरावर उभी आहे.

या अल्बमबद्दल श्रोत्यांची जी मतं तेव्हापासून कानावर येतात, त्यांतली बरीचशी एकाच साच्यातली आहेत. चाल कुठे आहे? ठेका कुठे गेला? बेल यांचा आवाज असता तर काय बहार आली असती! हा अल्बम आहे की कुठल्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत? विरुद्ध बाजूचाही साचा ठरलेला आहे. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी हे नाहीच, क्लार्क हे मोठे कलावंत आहेत, संपला विषय. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोन्हींच्या बोलण्यात अल्बम फार थोडा असतो. एकीकडे त्यात काय नाही याची मोजदाद होते, दुसरीकडे तो करणाऱ्याची थोरवी गायली जाते.

मला या सवयीविरुद्ध बोलायचं आहे. एखादा अल्बम न आवडण्याचा श्रोत्याला पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी त्याने कुणाची परवानगी मागू नये. पण जे ऐकू आलं त्याबद्दल जो बोलतो, त्याच्याच बोलण्याला मी मत म्हणेन. जे ऐकायचं ठरवून आलो होतो ते मिळालं नाही, ही तक्रार झाली. तक्रार खरी असू शकते, रास्तही असू शकते, पण तिच्यावरून अल्बम चांगला की वाईट हे ठरत नाही. एकल अल्बमांच्या बाबतीत या दोन गोष्टींची जेवढी गल्लत होते, तेवढी दुसरीकडे क्वचितच होत असेल.

आधी अल्बमकडे बघू, कारण चर्चेत तोच सगळ्यात मागे पडला आहे. क्लार्क यांनी हे काम महासाथीच्या टाळेबंदीत, न्यूयॉर्कमधल्या घरच्या स्टुडिओत केलं. स्वतःला दोन नियम घालून घेतले. पहिला, अल्बमसाठी ते जे ध्वनी निर्माण करतील ते सगळे युरोरॅकमधूनच, म्हणजे सुटे भाग जोडून केलेल्या सिंथेसायझरमधूनच, यावेत. दुसरा, प्रत्येक रचना एकाच सुराभोवती बांधलेली असावी आणि शेवटपर्यंत तिची पट्टी बदलू नये. चाल रचणाऱ्या माणसाच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे खालच्या सुरावटीची हालचाल. कडव्यातून मुखड्याकडे येताना आधारस्वर सरकतात आणि ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी हलतं, ती गंमत क्लार्क यांना जन्मजात अवगत आहे. तेच हत्यार त्यांनी या अल्बमपुरतं खाली ठेवलं. ते ठेवल्यावर उरलेल्या साधनांनी ऐकणाऱ्याला कितपत धरून ठेवता येतं, हा या अल्बमचा प्रश्न आहे. प्रश्न कठीण आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक रचनेत सारखं मिळत नाही, त्याकडे मी पुढे येतोच.

युरोरॅक म्हणजे काय हे इथे सांगायला हवं, कारण 'यंत्राने केलेलं संगीत' असा शेरा मारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच यंत्र असतं. 1990 च्या दशकात जर्मनीतल्या डीटर डोएप्फर यांनी सुट्या भागांच्या सिंथेसायझरसाठी एक मापपद्धत आणली. एक भाग कंप निर्माण करतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याचा चढउतार ठरवतो. हे भाग एका चौकटीत शेजारी शेजारी बसवायचे आणि छोट्या वायरींनी एकमेकांना जोडायचे. आवाज या जोडणीतून तयार होतो. बहुतेक भागांना आठवण नसते. वायरी काढल्या की तो आवाज गेला, उद्या तीच जोडणी केली तरी एखादी खुंटी केसभर इकडची तिकडे झाली की दुसरंच काहीतरी वाजतं. एकच सूर धरला तरी तो किंचित हलत राहतो, श्वास घेतल्यासारखा. हेडफोन लावून, दिवा मालवून यातली कुठलीही रचना ऐकली तर या हालचाली स्पष्ट ऐकू येतात: सुराच्या कडा उजळतात, मग मंदावतात, खोल कुठेतरी दुसरा एक सूर हळूच मिसळतो आणि तो केव्हा आला हे सांगता येत नाही. 'काहीच घडत नाही' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की घडतं ते सुरांच्या बदलात शोधू नका, सुराच्या पोतात शोधा. शोधूनही नाही आवडलं, तर ते मत झालं आणि ते ऐकायला मी तयार आहे.

तंबोऱ्याच्या नादात कान तयार झालेल्या श्रोत्याला खरं तर हे अनोळखी वाटू नये. एक सूर अखंड लागून राहणं म्हणजे रिकामेपण, असं आपल्याला कधीच वाटलेलं नाही. मात्र फरकही नीट ध्यानात घ्यायला हवा. तंबोरा जागा तयार करतो आणि त्या जागेत कुणीतरी गातं. क्लार्क यांच्या अल्बममध्ये ती जागाच पुढे येऊन बसली आहे. गाणारा येईल म्हणून वाट बघत राहिलं तर मैफल संपेपर्यंत तो येत नाही आणि मग फसवणूक झाल्यासारखं वाटतं. या फसवणुकीच्या भावनेतूनच 'बेल असते तर' हा सूर निघतो.

आता त्या आवाजाचा विचार करू. क्लार्क यांची सगळी कारकीर्द उसन्या आवाजांची आहे. डेपेश मोडमध्ये डेव्ह गाहन गायले. याझूत मोये. 1983 मध्ये असेंब्ली या गटाच्या एकमेव गाजलेल्या गाण्यात फर्गल शार्की. नंतर बेल. क्लार्क स्वतः मंचावर यंत्रांमागे जवळजवळ न हलता उभे राहतात आणि सगळा प्रकाश गाणाऱ्यावर पडतो. असा माणूस एकटा अल्बम करतो तेव्हा त्यात आवाज नसणं ही सगळ्यात स्वाभाविक गोष्ट आहे. चार गायकांच्या मागे जो माणूस होता, तो गायक बाजूला केल्यावर कसा ऐकू येतो, हे कळण्याची ही पहिली संधी होती. 2012 मध्ये त्यांनी डेपेश मोडचे मार्टिन गोर यांच्याबरोबर व्हीसीएमजी या नावाने नुसत्या वाद्यसंगीताचा अल्बम केला होता, पण तो टेक्नोच्या ठेक्यावर चालणारा आणि दोघांचा होता. इथे ते पहिल्यांदा एकटे सापडतात. श्रोत्यांनी मागणी केली ती नेमकी त्या एकटेपणाला झाकणाऱ्या गोष्टीची. मला हे वाईट वाटतं, कारण मागणी करणारे बहुतेक त्यांच्यावर मनापासून प्रेम करणारे लोक आहेत.

मग जुन्या कामाशी तुलना करूच नये का? जरूर करावी. तुलनेशिवाय एकल अल्बम ऐकणं शक्य नाही आणि ती करताना आपल्याला पुष्कळ कळतं. 2003 मध्ये डेपेश मोडचे दोन मोहरे थोड्याच महिन्यांच्या अंतराने एकेकटे बाहेर पडले. गोर यांनी इतरांची गाणी आपल्या पद्धतीने करून 'काउंटरफिट' या मालिकेतला दुसरा भाग काढला, आणि गाहन यांनी 'पेपर मॉन्स्टर्स' हा आपला पहिला एकल अल्बम. गट एकच, पण एकाकडे बहुतेक गाणी लिहिण्याची जबाबदारी आणि दुसऱ्याकडे ती गाण्याची. दोघं वेगळे झाल्यावर काय काय वेगळं होतं हे कान देऊन ऐकणाऱ्याला दोन्ही अल्बमांत सापडतं. गोर यांनी आपल्या मालिकेत स्वतःची गाणी ठेवलीच नाहीत, म्हणून तिथे त्यांची ध्वनीची निवड आणि मांडणी उघडी पडते. गाहन यांच्याकडे आवाजाचं वजन आहे, पण शब्द आणि रचना यांचा रियाज तेव्हा नुकता सुरू झाला होता. त्या वेळी 'हा काही लिहिणारा माणूस नाही' असं म्हणणारे श्रोते कमी नव्हते. 2005 मध्ये डेपेश मोडचा 'प्लेइंग द एंजल' आला आणि त्यात गाहन यांची तीन गाणी होती. एकट्याने काम करून बघितल्यामुळेच त्यांनी गटात लिहिण्याचा हक्क मागितला होता. म्हणजे तो अल्बम गटाच्या मापाने कमी भरला तरी त्याने गटच बदलला. त्यावरचं पहिलं मत शेवटचं मानलं असतं तर ही गोष्ट दिसलीच नसती.

तुलना कुणी काय केलं हे उलगडण्यासाठी वापरली की तिचा उपयोग होतो. निकाल देण्यासाठी वापरली की तिची चूक होते, कारण गट हा चार माणसांच्या ताणातून तयार झालेला असतो आणि एकट्या माणसाला त्या मापाने मोजलं तर तो नेहमीच अपुरा भरणार. ज्या गोष्टीचा निकाल आधीच ठरलेला आहे, ती ऐकायची तरी कशाला?

या विषयाचा इतिहासही आठवायला हवा. क्लार्क यांच्या पिढीने सिंथेसायझर हाती घेतला तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेला शेरा हाच होता: हे संगीत नाही. क्वीन या गटाने 1975 च्या आपल्या अल्बमवर त्यात सिंथेसायझर नाही हे अभिमानाने छापलं होतं. 1982 मध्ये ब्रिटनमधल्या संगीतकार संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदीची मागणी करणारा ठराव केला, कारण वादकांच्या पोटावर पाय येईल ही भीती होती. ती भीती खोटी नव्हती, तिची टवाळी मी करणार नाही. पण 'बटण दाबलं की वाजतं, यात कसब कसलं' हा जो कलेवरचा आक्षेप त्या काळी सर्रास घेतला जायचा, तो ऐकून ज्यांचा संताप झाला, ते तेव्हाचे तरुण श्रोते आज साठीकडे आले आहेत. त्यांतले काही आज याच माणसाला सांगतात की यात गाणं नाही, म्हणजे संगीत नाही. चालीवर आणि ठेक्यावर प्रेम केलं म्हणून चाल आणि ठेका यांनाच संगीत म्हणायचं, ही जुनी भिंत नव्या जागी बांधण्यासारखी गोष्ट आहे.

आणखी एक उदाहरण द्यावंसं वाटतं, कारण त्यात श्रोता, व्यापार आणि कलावंत तिघंही अडकले आहेत. नील यंग हे काही इलेक्ट्रॉनिक पॉपवाले नव्हेत, पण 1982 च्या अखेरीस त्यांनी 'ट्रान्स' नावाचा अल्बम काढला आणि त्यातल्या बऱ्याच गाण्यांत आपला आवाज व्होकोडर या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून, यंत्रमानवासारखा करून टाकला. गिटार घेऊन गाणाऱ्या यंग यांचे चाहते गोंधळले. पुढचा अल्बम तर पन्नाशीच्या दशकातल्या रॉकचा निघाला, तेव्हा त्यांच्या गेफन कंपनीने 1983 मध्ये चक्क त्यांच्यावर खटला भरला. आक्षेप असा की यंग यांनी त्यांच्या नावाला साजेसं संगीत दिलं नाही. 'मला हवा तसा तू नाहीस' ही श्रोत्याची तक्रार इथे कोर्टापर्यंत गेली. नंतर यंग यांनी सांगितलं की तो यंत्रातला आवाज त्यांच्या मुलाशी जोडलेला होता. त्याला सेरेब्रल पाल्सीमुळे बोलता येत नव्हतं आणि त्याच्याशी संवाद साधण्याची धडपड त्या अस्पष्ट, यंत्रात अडकलेल्या शब्दांत होती. हे कळल्यावर अनेकांना तो अल्बम वेगळा ऐकू आला.

कुणी म्हणेल, ही तर सहानुभूती झाली, संगीत तेच राहिलं. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. बाहेरची हकिकत कळल्याशिवाय जो अल्बम उभा राहत नाही, त्याला मी उत्तम म्हणणार नाही. पण हकिकत कधी कधी कानाला दिशा देते. त्या आवाजातले शब्द नीट कळत नाहीत ही गोष्ट आधीही ऐकू येत होतीच. बहुतेकांनी ती दोष म्हणून नोंदवली आणि पुढे गेले. 'शब्द कळत नाहीत' इथे न थांबता 'शब्द मुद्दाम कळू दिलेले नाहीत, का बरं?' असं विचारणारा श्रोता हकिकत न कळताही अर्ध्या वाटेवर पोचला असता. तेवढी अपेक्षा मी श्रोत्याकडून करतो.

व्यापाराच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. अल्बमवर मोठ्या अक्षरांत नाव छापलं जातं ते विकलं जावं म्हणून. नाव म्हणजे एक प्रकारचा शब्द दिलेला असतो आणि ते बघून कुणी पैसे मोजले तर त्याचा अपेक्षाभंग खरा आहे. अशा श्रोत्याने 'मी फसलो' म्हणायला काहीच हरकत नाही. कंपनीने आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं, असंही त्याने म्हणावं. मला आक्षेप आहे तो 'मी फसलो' पासून 'अल्बम टाकाऊ आहे' इथवर मारलेल्या उडीला.

ही उडी आज जास्त महाग पडते, कारण श्रोत्यांची मतं आता नुसती गप्पांपुरती राहिलेली नाहीत. ती मोजली जातात आणि त्या मोजणीवरून पुढच्याला काय ऐकवायचं हे ठरतं. याबद्दल 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तीन संशोधकांनी चौदा हजारांहून अधिक लोकांना फारशा माहीत नसलेल्या संगीतगटांची 48 गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत विभागलं आणि आपल्या गटात आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं, हा आकडाही दाखवला. आकडा दिसू लागल्यावर लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली आणि पडलेली आणखी खाली गेली. त्याहून लक्षणीय म्हणजे आठ गटांत वर आलेली गाणी सारखी नव्हती. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात कशाचं काय होईल याचा नेम नव्हता. सुरुवातीच्या काही जणांनी काय निवडलं यावर पुढच्या शेकडोंचा कौल फिरला.

एकल अल्बमाला हे तंतोतंत लागू पडतं, असं मला वाटतं. तो बहुतेक वेळा याच मधल्या पट्ट्यात पडतो. सर्वांना भावेल असा तो नसतो आणि सरसकट फेकून द्यावा असाही नसतो. त्याच्यावर सगळ्यात आधी बोलतात ते कट्टर चाहते, म्हणजे ज्यांच्या अपेक्षा सगळ्यात पक्क्या असतात तेच. त्यांची पहिल्या आठवड्यातली निराशा किंवा त्यांची भक्ती पुढच्यांच्या कानात आधीच बसते. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक ऐकणं धरलं जातं. ज्या अल्बममधल्या अनेक रचनांत पहिल्या तीस सेकंदांत एक सूर लागतो एवढंच घडतं, त्याच्याबद्दल अशा मोजणीतून काय कळणार?

व्यावसायिक समीक्षकही यातून सुटलेले नाहीत. पिचफोर्क या प्रकाशनाने डाफ्ट पंक या इलेक्ट्रॉनिक जोडीच्या 2001 च्या 'डिस्कव्हरी'ला दहापैकी 6.4 गुण दिले होते. 2021 मध्ये त्यांनी आपल्या काही जुन्या गुणांचा फेरविचार केला, तेव्हा याच अल्बमला पैकीच्या पैकी दिले. अल्बम वीस वर्षांत बदललेला नव्हता. ऐकणारे बदलले, त्या अल्बममुळेही बदलले असतील. गुण मागे घेतले याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. दशांश चिन्हापर्यंतचा आकडा पहिल्या आठवड्यात देता येतो हा विश्वास मात्र त्यानंतरही कायम राहिला, हे मला पटत नाही.

आता माझं स्वतःचं मत, कारण इतरांना मत कसं असावं हे सांगायचं आणि स्वतःचं झाकून ठेवायचं, हे बरोबर नाही. 'साँग्ज ऑफ सायलेन्स' मला सलग आवडत नाही. 'द लॅमेंटेशन्स ऑफ जेरेमायाह' ही त्यातली शिखररचना. रीड हेज यांचा चेलो त्या स्थिर सुरावर येतो आणि लाकूड व तार यांचा खरखरीत स्पर्श यंत्राच्या गुळगुळीत पृष्ठभागावर घासला जातो. खालचा सूर तसूभर हलत नाही, म्हणून चेलोची प्रत्येक हालचाल दुःखाची वाटते. तो जिथे जाईल तिथून त्याला परत यावंच लागतं. क्लार्क यांचा दुसरा नियम इथे शंभर टक्के फळाला येतो. खालची सुरावट सोबत सरकली असती तर हीच चेलोची ओळ गोड वाटली असती आणि विसरूनही गेली असती.

'ब्लॅकलेग'मध्ये खाणकामगारांचं जुनं लोकगीत ऐकू येतं, संप फोडून कामावर जाणाऱ्यांना धमकावणारं. माणसाचा उघडा, कसलाही साज न चढवलेला आवाज आणि भोवती अंधारासारखा दाटत जाणारा ध्वनी. आवाज नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांनी ही रचना पुन्हा एकदा ऐकावी. इथे आवाज आहे आणि तो अशा जागी ठेवला आहे की गाणं जुन्या भिंतीतून झिरपल्यासारखं वाटतं. 'पॅसेज'मध्ये कॅरोलाइन जॉय यांचा शब्दाविना लागलेला सूर आहे. सुंदर आहे, पण मला तो थोडा सोपा वाटला. उंच स्त्रीस्वर आणि खाली गूढ गुंजन ही जोडी चित्रपटांनी इतकी वापरली आहे की कानाला पुढचं आधीच कळतं. 'पार्श्वसंगीत वाटतं' हा श्रोत्यांचा आक्षेप मला इथे मान्य आहे, फक्त तो अख्ख्या अल्बमवर सरसकट न टाकता इथे टाकावा.

माझी मुख्य तक्रार क्रमाबद्दल आहे. एकसुरी बांधणीच्या रचना लागोपाठ आल्या की प्रत्येकीची पट्टी वेगळी असली तरी कान सुस्तावतो. पोतातले जे बारीक बदल एकट्या रचनेत लक्ष वेधून घेतात, ते दहांच्या रांगेत पुसट होतात. 'स्कार्पर'सारखी धावती, सुटे स्वर फेकणारी रचना अगदी शेवटाजवळ ठेवली आहे. ती मधे असती तर तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही बाजू उजळल्या असत्या. शिवाय तिच्यात जुने क्लार्क क्षणभर डोकावतात आणि मग मनात येतं, की दोन नियमांच्या आतही ठेक्याला जागा होती, ती याहून जास्त का वापरली नाही? हा प्रश्न मी त्यांच्या नियमांना मान देऊन विचारतो आहे, म्हणून तो मला रास्त वाटतो.

कुणी याच्या उलट म्हणेल की क्रम योग्यच आहे, धावतं शेवटी यावं म्हणूनच आधी इतकी स्थिरता आहे. त्या माणसाशी मी तासभर वाद घालू शकतो. आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असू, कुठल्या मिनिटाला काय होतं हे एकमेकांना दाखवू शकू आणि कदाचित त्याने दाखवलेली जागा मला पहिल्यांदाच ऐकू येईल. 'बेल हवे होते' म्हणणाऱ्याशी मात्र वाद घालायला जागाच उरत नाही. त्याला हवं ते दुसऱ्या अल्बमांत आहे, मलाही ते अल्बम आवडतात, इथेच बोलणं खुंटतं.

भक्तांशीही असंच होतं. क्लार्क यांचं सगळंच थोर मानणारा माणूस 'पॅसेज' आणि 'द लॅमेंटेशन्स ऑफ जेरेमायाह' यांत डावंउजवं करायला तयार नसतो. म्हणजे त्यानेही रचना ऐकलेल्या नसतात, नाव ऐकलेलं असतं. कलावंताची पाठराखण करायची तर त्याची कुठली निवड कुठे लागली आणि कुठे हुकली, हे सांगता यायला हवं. कलावंतालाही त्याच बोलण्याचा काही उपयोग होऊ शकतो. वयाची साठी ओलांडल्यावर हातखंडा असलेली गोष्ट बाजूला ठेवून कुणी नवीन यंत्र शिकायला बसतो, तेव्हा त्याला टाळ्या आणि नाराजी दोन्ही पुष्कळ मिळतात. तो चेलो थोडा आणखी उशिरा आला असता तर काय झालं असतं, असं विचारणारे श्रोते त्याला फार कमी भेटत असणार.